तपकिरी थरापासून सागरी सूक्ष्मजीवशास्त्र

प्रश्न: मी कोथरूडला राहतो. नोकरी आयटीत, विज्ञान बारावीनंतर सुटलं. आठ महिन्यांपासून घरी २०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात झोअँथस आणि लेदर कोरल ही प्रवाळं आणि दोन क्लाउनफिश आहेत. गेले दोन महिने वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारा थर येतोय. सकाळी कमी असतो, दुपारनंतर वाढतो. तीन गोगलगायी मेल्या. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात. फॉस्फेट रिमूव्हर चालू आहे आणि दर आठवड्याला बॅक्टेरियाची बाटलीही ओततो. या त्रासातूनच सागरी सूक्ष्मजीवशास्त्र नीट शिकावंसं वाटू लागलं. मायक्रोस्कोप कोणता घ्यावा? घरी पेट्री डिशमध्ये जिवाणू वाढवता येतील का? पाण्याची डीएनए तपासणी करू का? आणि मालवणहून समुद्रातला दगड आणला तर टाकीतली जिवाणूंची विविधता वाढेल का?

उत्तर:

चार प्रश्न विचारलेत, पण शिकायची सुरुवात पाचव्यापासून करा: तो थर कशाचा आहे? तुम्ही दोन महिने बाटल्या ओतताय आणि ज्याच्यासाठी ओतताय ते अजून पाहिलेलं नाही. रीफच्या छंदात सर्रास हेच होतं. एक थेंब काचेवर घेऊन पाहिलात की निम्म्या बाटल्या आपोआप बंद होतात. म्हणून आजपासून बॅक्टेरियाची बाटली थांबवा आणि फॉस्फेट रिमूव्हर काढून घ्या. कारण पुढे सांगतो.

आधी मायक्रोस्कोप. साधा कंपाउंड, शक्यतो दोन डोळ्यांचा घ्या. ४, १०, ४० आणि १०० पटीची ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगं), आयरिस डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) असलेला आबे कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग), एलईडी दिवा आणि स्क्रूने सरकणारं स्टेज एवढं हवं. अंबाल्याला बनणारी कॉलेजच्या वर्गातली यंत्रं या कामाला पुरतात. 'दोन हजार पट' असं खोक्यावर छापलेली खेळण्यातली यंत्रं आणि संगणकाला जोडायचे यूएसबी कॅमेरे घेऊ नका. पटीचा आकडा फुगवता येतो, पण कंडेन्सर नसेल तर प्रतिमा धूसरच राहते. पैसे वाचवायचेच असतील तर १०० पटीचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह सोडा, कंडेन्सर सोडू नका. तुमचं नव्वद टक्के काम १० आणि ४० वरच होणार आहे.

एक युक्ती पहिल्याच दिवशी करून पाहा. काळ्या कार्डपेपरची १५ ते १८ मिलिमीटर व्यासाची चकती कापा आणि कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कडीत पारदर्शक प्लॅस्टिकवर मधोमध चिकटवा. मधला प्रकाश अडतो, फक्त बाजूचा आत येतो, पार्श्वभूमी काळी होते आणि जिवंत पेशी उजळून दिसतात. याला डार्क फील्ड म्हणतात. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली एरवी न दिसणारे जिवाणू यात चमकत्या, हलत्या ठिपक्यांसारखे दिसतात. पार्श्वभूमी राखाडी राहिली तर चकती एक-दोन मिलिमीटरने मोठी करा.

आता नमुना. दिवे लागल्यानंतर तीन-चार तासांनी घ्या, कारण तेव्हा थर वर आलेला असतो. मेडिकलमधून ५ मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई काढून टाका, टोकाला एअर पंपाची नळी लावा आणि थराचा एक तुकडा थोड्या पाण्यासकट ओढून घ्या. नळीतून तोंडाने पाणी ओढू नका, आत्ता नाही आणि नंतर कधीही नाही. या थरात ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारा एकपेशी जीव, थोडक्यात डायनो) असू शकतो. तो पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं बनवतो आणि तुमच्या गोगलगायी मरण्याचं ते एक संभाव्य कारण आहे. झोअँथस आणि त्याचाच नातलग पॅलिथोआ यांतही पॅलिटॉक्सिन असू शकतं. म्हणून त्यांचा दगड कधी उकळू नका, ब्रशने घासू नका, आणि हात घालताना नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला.

थेंब मोजून घ्यायची सवय लावा. यू-४० इन्सुलिन सिरिंजवर एक मिलिलिटरचे ४० भाग असतात, म्हणजे एक खूण २५ मायक्रोलिटर. एका खुणेएवढा थेंब स्लाइडवर ठेवून २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडली की तो तिच्याखाली छान पसरतो. त्या संपूर्ण कव्हरस्लिपखाली जितक्या पेशी मोजाल त्याला ४० ने गुणा: एका मिलिलिटरमधली संख्या मिळते. जास्त पाणी घेतलं तर कव्हरस्लिप तरंगते आणि सगळं फोकसबाहेर वाहत जातं. खाऱ्या पाण्याची आणखी एक अडचण म्हणजे कडेने बाष्पीभवन होऊन क्षारता चढते, पंधरा-वीस मिनिटांत पेशी आक्रसतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला मेलेलेच जीव सापडले. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलिन लावलं की वेळ मिळतो. काम झाल्यावर स्टेज आणि ऑब्जेक्टिव्ह डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या लेन्स पेपरने पुसा. मीठ वाळलं की लेन्स गेलीच म्हणून समजा.

मोजमापासाठी वेगळी पट्टी लगेच नको. आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) १८ हा फील्ड नंबर असेल तर १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसणारं वर्तुळ १.८ मिलिमीटरचं आणि ४० खाली ४५० मायक्रॉनचं असतं. पेशी वर्तुळाचा कितवा भाग व्यापते ते पाहिलं की आकार कळतो.

आता काय दिसेल? काचेसारखं कडक, सोनेरी-तपकिरी कवच आणि सरळ रेषेत पुढे-मागे घसरत जाणं, हा डायटम. नव्या टाकीत तो येतो आणि सिलिकेट संपलं की जातो. निळसर-हिरवे किंवा लालसर लांब धागे एकमेकांवरून सरकताना दिसले तर तो सायनोबॅक्टेरिया. त्याचा थर चिमटीत धरला तर पापुद्र्यासारखा निघतो. थेंबाच्या आकाराची, ३० ते ६० मायक्रॉनची तपकिरी पेशी टोकाशी खुंटीला बांधल्यासारखी गोल फिरत असेल तर तो ऑस्ट्रिऑप्सिस. चपटी, अंडाकृती, एका टोकाला छोटीशी चोच आणि शांतपणे सरकत जाणारी पेशी असेल तर अॅम्फिडिनियम. अंडाकृतीच, पण चोच नाही आणि मध्ये एक चमकता गोल ठिपका आहे, तर बहुधा प्रोरोसेंट्रम. हे शेवटचे तिघेही डायनो. दहा मिनिटं बघत बसा. आकारापेक्षा चाल लवकर ओळखीची होते. लुगॉल आयोडीनचा कण टाकला की सगळं थांबतं आणि मोजायला सोपं जातं, पण चाल ओळखायच्या आधी तो टाकू नका.

मायक्रोस्कोप येईपर्यंत एक चाचणी करा. थर थोड्या टाकीच्या पाण्यात झाकणबंद बरणीत जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तपकिरी दोरे जमले तर डायनो असण्याची शक्यता मोठी. सायनोचे धागे कागदावर अडकतात आणि पाणी स्वच्छच राहतं.

तुम्ही सांगितलेल्या खुणा डायनोकडे बोट दाखवतात: दुपारी वाढणं, बुडबुडे, मेलेल्या गोगलगायी आणि दोन्ही शून्यं. शून्य आलं म्हणजे टाकी स्वच्छ, असा समज छंदात पसरलाय आणि त्यानेच बरंच नुकसान होतं. नायट्रेट-फॉस्फेट संपलं की त्यावर जगणारे जिवाणू, डायटम आणि साधं शेवाळ मागे पडतात. अनेक डायनो प्रकाशावरही जगतात आणि इतर सूक्ष्मजीव गिळूनही, त्यामुळे रिकामी झालेली जागा त्यांना मिळते. तुमच्या रिमूव्हरने ती जागा मोकळी करून दिली. बाटलीतल्या जिवाणूंनाही फॉस्फरस लागतो. तो नसताना ते तिथे टिकणार कसे?

म्हणून डायनो निघाले तर नायट्रेट ५ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत आणायचं. प्रयोगशाळेच्या एआर दर्जाचं रसायन घ्या, खताच्या पोत्यातलं नको. १३.७ ग्रॅम सोडियम नायट्रेट आरओ पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करा. त्याचं १ मिलिलिटर १०० लिटर पाण्यात १ पीपीएम नायट्रेट वाढवतं. पोटॅशियम नायट्रेट असेल तर १६.३ ग्रॅम घ्या. फॉस्फेटसाठी १.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १ लिटरमध्ये. याचे ५ मिलिलिटर १०० लिटरमध्ये ०.०५ पीपीएम वाढवतात. दगड आणि वाळू वजा केली तर तुमच्या टाकीत १७० लिटरच्या आसपासच पाणी असेल, त्यावरून हिशेब करा. नायट्रेट दिवसाला २ पीपीएमपेक्षा जास्त चढवू नका. फॉस्फेट दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल, कारण दगड ते शोषून घेतो. किट बिघडलं असं समजू नका, रोज मोजून रोज घाला. मग ते हळूहळू टिकू लागतं. एवढे दिवस पाणी बदलणंही थांबवा. फरक दिसायला चार ते आठ आठवडे जाऊ शकतात.

जात ओळखण्याचा उपयोग इथे होतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला निघतो, त्यामुळे थेट टाकीतून पाणी ओढणारा यूव्ही दिवा, साधारण १० ते १२ लिटरमागे १ वॉट, त्याला मारतो. अॅम्फिडिनियम रात्री वाळूत शिरतो आणि यूव्हीपर्यंत पोचतच नाही. तिथे तो दिवा विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

किटवर विश्वास ठेवण्याआधी किटचीच परीक्षा घ्या. ०.१४३३ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ लिटरमध्ये म्हणजे १०० पीपीएम फॉस्फेट. ते हजार पट पातळ केलं की ०.१ पीपीएम. घरच्या काट्यावर एवढं वजन अचूक होत नाही, ओळखीच्या केमिस्ट्री लॅबमधून करून आणा. तुमचा फोटोमीटर (रंग मोजून आकडा देणारं यंत्र) फॉस्फरस पीपीबीत (लिटरमागे मायक्रोग्रॅम) दाखवत असेल तर फॉस्फेटच्या पीपीएमसाठी ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. क्षारतेसाठी साधं मीठसुद्धा चालतं: ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६.३५ ग्रॅम आरओ पाण्यात, रिफ्रॅक्टोमीटरने ३५ दाखवायला हवं.

हे मार्गी लागलं की खरा अभ्यास चार बरण्यांत करा. एक-एक लिटरच्या स्वच्छ काचेच्या बरण्या, त्यांत ताजं बनवलेलं ३५ क्षारतेचं पाणी, प्रत्येकीत एअर स्टोन आणि बाहेरून काळा कागद. कागद नसेल तर शेवाळ अमोनिया खाईल आणि श्रेय जिवाणूंना जाईल. ३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटरमध्ये विरघळवून त्याचे २ मिलिलिटर प्रत्येक बरणीत घाला, साधारण २ पीपीएम अमोनियम होतं. टाकीसाठी केलेल्या डायसोडियम फॉस्फेट द्रावणाचे १० थेंबही घाला, कारण नव्या मीठपाण्यात फॉस्फरस जवळजवळ नसतो आणि त्याच्याविना नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट होणं) अडकून बसतं. पहिल्या बरणीत काहीच नको. दुसरीत बाटलीतले जिवाणू लेबलावरच्या मात्रेत, तिसरीत तेच पण उकळून गार केलेले, चौथीत सम्पमधल्या (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतल्या) चार सिरॅमिक रिंगा, ज्यांवर जिवाणू राहतात. सगळ्या २५-२६ अंशांवर ठेवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत खोली रात्री बरीच थंड पडते आणि एप्रिलमध्ये तीच तापते, म्हणून चारही बरण्या हीटर लावलेल्या एकाच पाण्याच्या टबात ठेवल्या तर तुलना खरी होते.

दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. चौथी बरणी बहुधा काही दिवसांतच अमोनिया संपवेल. पहिलीसुद्धा काही आठवड्यांनी चालू होईल, कारण हे जीव हवेतून, हातावरून, नळीतून येतातच. 'बाटली घातली आणि टाकी सायकल झाली' (म्हणजे अमोनिया पचवू लागली) या वाक्यात बाटलीचा वाटा किती, हे तिसऱ्या आणि पहिल्या बरणीवाचून कळत नाही. तिसरी बरणी ठेवायला आळस करू नका. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर भरवसा नको: बहुतेक किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मगच रंग देतात, त्यामुळे मुळात असलेलं नायट्राइट आकडा भलताच फुगवतं.

त्या रिंगांवर कोण राहतं? अमोनिया खाणारे म्हणजे जिवाणूच, असं दीर्घकाळ समजलं जायचं. २००५ मध्ये अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्या पहिल्या आर्कियाचं (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशी जीव) शुद्ध कल्चर, म्हणजे एकट्याने वाढवलेला नमुना, जाहीर झालं. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस आणि तो सापडला सिअॅटलच्या मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधी समुद्री टाकीच्या खड्यांत. तुमच्या छंदाचा आणि या शास्त्राचा संबंध इतका जवळचा आहे.

दुसरा प्रयोग विनोग्राड्स्की स्तंभाचा, म्हणजे बाटलीतल्या गाळात सूक्ष्मजीवांचे थर वाढवून पाहण्याचा. एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. तळाला सम्पमधला गाळ, वाळू आणि बारीक फाडलेला साधा कागद कालवून ८-१० सेंटिमीटर भरा, वर टाकीचं पाणी घाला आणि थेट ऊन न लागणाऱ्या खिडकीत ठेवा. पुस्तकांत सल्फेटसाठी जिप्सम घालायला सांगतात, ते इथे नको. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट आधीच असतं. दोन महिन्यांत तळ काळा होतो, त्यावर जांभळे-हिरवे पट्टे उठू शकतात आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. जुनी, खोल वाळू एका झटक्यात उकरली की टाकीत मासे का मरू शकतात, ते यात दिसतं. मुठेचा गाळ यात वापरू नका: तो गोड्या पाण्याचा आहे आणि त्यात सांडपाणी आहे.

घरी पेट्री डिशमध्ये जिवाणू वाढवायचे का? उत्तर एका शब्दात: नाही. समुद्री जिवाणूंसाठी झोबेल मरीन अगार २२१६ हे माध्यम आहे, ते विकतही मिळतं, पण समुद्रातल्या जिवाणूंपैकी साधारण शेकडा एकच अशा माध्यमावर वाढतात. जे भराभर वाढतात त्यांत व्हिब्रिओ हे जिवाणू पुढे असतात आणि त्यांतल्या काही जाती माणसाला धोकादायक आहेत. थेंबातला एक जिवाणू निरुपद्रवी, डिशमधले कोट्यवधी तसे नाहीत. वापरलेली डिश ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) मारायची सोय घरी नसते आणि ज्यात भात शिजतो त्या कुकरमध्ये हे काम करू नये. शिवाय हातावर कापलेलं असताना टाकीत हात घातला तर मायकोबॅक्टेरियम मॅरिनम या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. काही आठवड्यांनी हातावर न भरणारी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञांना 'घरी समुद्री मासे आहेत' हे आपणहून सांगा, नाहीतर निदान लांबतं.

कल्चर शिकायचंच असेल तर पुण्यासारखी जागा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, गरवारे आणि मॉडर्न कॉलेजातही हा विषय शिकवतात. पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं) राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच आहे. ते घरी कल्चर पाठवण्यासाठी नाहीत, पण कार्यशाळांच्या घोषणा पाहत राहा. कॉलेजात जाताना रिकाम्या हाताने 'मला शिकायचंय' म्हणू नका. चार बरण्यांचा तक्ता, मोजलेल्या पेशींचे आकडे आणि मोबाइलने आयपीसमधून काढलेले फोटो घेऊन जा. एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रकल्पाला विषय हवाच असतो. वाचन एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाच्या मोफत सूक्ष्मजीवशास्त्राच्या व्याख्यानांनी सुरू करा, आणि आधी नायट्रोजन चक्र आणि ऑक्सिडेशन-रिडक्शन पक्कं करा. जिवाणूंची नावं पाठ करणं मागाहून.

डीएनए तपासणी आत्ता नको. नेहमीची १६एस चाचणी (१६एस नावाच्या जनुकावरून ओळखणारी) जिवाणू आणि आर्किया दाखवते, डायनो नाही, कारण ते युकॅरिओट, म्हणजे पेशीत केंद्रक असलेले जीव आहेत आणि त्यांना १८एस हे जनुक लागतं. म्हणजे तुमच्या आजच्या प्रश्नाला ती उत्तरच देणार नाही. शिवाय ती टक्केवारी देते, संख्या नाही. एक गट २० वरून ४० टक्क्यांवर गेला तर तो वाढला की बाकीचे घटले, हे त्यातून कळत नाही, आणि मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजला जातो. पुढे कधी केलीत तर एकाच ठिकाणचे, बदलाआधीचे आणि नंतरचे असे नमुने द्या, आणि वाळू, दगड, पाणी वेगवेगळं द्या. एकट्या नमुन्याचा अहवाल वाचायला छान वाटतो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

आणि मालवणचा दगड: आणू नका. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडा उचलला तरी अडचणीत याल, आणि तिथली प्रवाळं आधीच थोडी उरलीत. विविधता हवी असेल तर पुण्यातच कुणाची दोन-तीन वर्षं नीट चाललेली टाकी शोधा आणि तिच्यातली मूठभर वाळू, एक-दोन सिरॅमिक रिंगा मागा. टाकीच्याच पाण्यात, ओल्या ठेवून, तासाभरात घरी आणा. टाकीत घालण्याआधी त्या वाळूचे तीन थेंब भिंगाखाली पाहा. एकाही थेंबात टोकावर फिरणारी किंवा चोचवाली तपकिरी पेशी दिसली तर ती वाळू परत करा.